वटवाघळांचे स्टेशनमास्तर

माझ्या माहितीत असा एकच माणूस आहे, ज्याच्या परवानगीशिवाय वटवाघूळसुद्धा झाड सोडत नाही. निदान त्या माणसाची तशी समजूत आहे, आणि इतक्या वर्षांत एकाही वटवाघळाने ती खोडून काढलेली नाही. तुम्ही दोघं त्यांना ‘बडनेऱ्याचे आजोबा’ म्हणता. ते माझ्या नणंदेचे यजमान, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणते. जन्मभर ते स्टेशनमास्तर होते. निवृत्तीच्या दिवशी रेल्वेने त्यांच्याकडून किल्ल्या परत घेतल्या, शिक्का परत घेतला, पण त्यांच्यातला स्टेशनमास्तर परत घ्यायचा राहून गेला. मागच्या सुट्टीत तुम्ही विचारलं होतं, की पाऊस नसताना ते आजोबा रोज संध्याकाळी झाडाखाली छत्री उघडून का बसतात. ‘त्यांना आवडतं’ असं सांगून मी तेव्हा वेळ मारून नेली. उत्तर खरं असलं तरी अपुरं होतं, आणि अपुरं उत्तर मी वर्गात कधी कुणाचं चालवून घेतलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहिते.

तुमचे आजोबा गेल्यावर मी अमरावतीचं घर बंद करून बडनेऱ्याला नणंदेच्या शेजारी राहायला आले. आमच्या दोन्ही घरांमागे नाला आहे आणि नाल्याच्या काठी अर्जुनाचं एक जुनं झाड. त्या झाडावर वटवाघळं दिवसभर उलटी टांगलेली असतात, कुणीतरी वाळत घालून विसरलेल्या काळ्या छत्र्यांसारखी. निवृत्तीनंतरचं पहिलं वर्ष भाऊजी नुसते ओसरीत बसून असत. फलाटावर राहून गेलेल्या ट्रंकेसारखे, असं नणंद म्हणायची. बोलणं नाही, भूक नाही. मग एका संध्याकाळी वटवाघळं झाडावरून उठली आणि भाऊजींनी सवयीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं. दोन दिवसांच्या वेळेत एका मिनिटाचा फरक निघाला. इतका वक्तशीरपणा त्यांनी आजवर फक्त छापील वेळापत्रकात पाहिला होता. त्या दिवशी ते एक भाकरी जास्त जेवले.

तिसऱ्या दिवशी वही आली. अकोल्याच्या बाजूला जातील ती वटवाघळं ‘अप’, वर्ध्याच्या बाजूला जातील ती ‘डाउन’, आणि चार-पाच आळशी वटवाघळं अमरावतीच्या दिशेला जाऊन तासाभरात परत येतात, ती ‘शटल’. एखादं एकटंच मागाहून निघालं तर शेरा पडायचा, ‘इंजिनात बिघाड’. आई पोटाशी पिल्लू घेऊन उडाली तर ‘डबल लोड’. मी नणंदेला विचारलं, हे तुला चालतं का. ती कुरडया उलटवत म्हणाली, “मानूस बोलाले लागला, हे का कमी हाये? वाघळाशी बोलते, पन बोलते ना.”

स्टेशनमास्तरांची एक पद्धत तुम्हाला आधीच सांगायला हवी. एका स्टेशनातून गाडी सोडायची तर पुढच्या स्टेशनाला फोन करून विचारावं लागतं, रूळ मोकळा आहे का. तिकडचा मास्तर म्हणतो, ‘लाईन क्लिअर’. पण नुसतं म्हणून भागत नाही. त्याच्याजवळ दोन आकडी नंबरांचा एक कागद असतो. त्यातला पुढचा नंबर तो सांगतो, दोघंही तो लिहून घेतात आणि कागदावरचा नंबर खोडला जातो. याला म्हणतात प्रायव्हेट नंबर. एकदा खोडलेला नंबर पुन्हा वापरायचा नाही. नंबर नाही तर परवानगी नाही, मग समोर ब्रह्मदेव का उभा असेना. भाऊजींनी पट्टीने रेघा मारून असा एक घरगुती कागद तयार केला आणि स्वयंपाकघराला लागू केला. नणंदेने जेवायला हाक मारली की आतून चौकशी व्हायची, “नंबर?” आठ दिवस तिने नंबर दिले. नवव्या दिवशी तिने कळवलं, की आजचा नंबर लाटण्यावर लिहिला आहे, येऊन वाचून घ्यावा. तेव्हापासून जेवणाची गाडी नंबराशिवाय सुटते.

इथपर्यंत हा छंद निरुपद्रवी होता. मग ती मोठी साथ आली, जिच्यात तुम्ही दोघं घरात बसून शाळा शिकलात आणि जिचं खापर लोकांनी बेलाशक वटवाघळांवर फोडलं. पाठोपाठ टीव्हीवर केरळातल्या तापाच्या बातम्या दिसू लागल्या, आणि ज्यांनी जन्मात मान वर करून ते झाड पाहिलं नव्हतं, तेही त्याच्याकडे बोट दाखवू लागले. कुणी फटाके लावा म्हणे, कुणी मिरचीची धुरी द्या म्हणे. एका सुशिक्षित गृहस्थांनी मोबाइलवर आलेला उपाय वाचून दाखवला, की झाडाखाली सात दिवस कापूर जाळावा. भाऊजींनी मात्र गुरांच्या डॉक्टरांकडे तीन चकरा मारल्या, टिपणं काढली, आणि एक सिद्धान्त घेऊन परतले. तो त्यांनी दूधवाल्याला, न्हाव्याला आणि एका लग्नाच्या पंगतीत उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना ऐकवला: “वाघूळ म्हंजे मालगाडी हाये. डब्यात काय माल हाये, ते गार्डालेबी मालूम नसते. म्हून गाडीवर गोटा मारू नाई, आन् डब्याले हात लावू नाई.”

याहून सोप्या शब्दांत ही गोष्ट मी कुठल्या इंग्रजी पुस्तकात वाचलेली नाही. वटवाघळाच्या अंगात रोग असेल किंवा नसेल, ते त्याच्याकडे पाहून कळत नाही. त्याला त्याच्या झाडावर टांगून राहू द्यावं, त्याचं उष्टं खाऊ नये, खाली पडलेलं उचलू नये. हुसकलं तर ते गावभर होतं, आणि जे एका झाडावर होतं ते दहा अंगणांत येतं. पण सोप्या गोष्टीवर थांबतील तर ते भाऊजी कसले. त्यांनी नियमावली काढली. झाडाखालून जाताना छत्री. माठावर झाकण, झाकणावर वजन. झाडाखालचा केर आधी पाणी शिंपडून, तोंडाला फडकं बांधून काढायचा. दात लागलेलं फळ गाईलासुद्धा घालायचं नाही. शेवटी मागच्या भिंतीवर फळा लागला. पहाटे वटवाघळं परतली की भाऊजी त्यावर ‘ब्लॉक’ लिहीत, म्हणजे झाडाखाली येऊ नये. संध्याकाळी शेवटचं वटवाघूळ गेलं की ते पुसून ‘लाईन क्लिअर’, म्हणजे आता खुशाल या. संध्याकाळनंतर नाल्याकाठी जाण्याचं कुणालाच काही काम नसे, पण परवानगी रोज मिळे.

नियमावलीचा पहिला अपघात झाला तो पेरूवाल्या ताईंवर. झाडाच्या पलीकडे त्यांची पेरूची बाग आहे, आणि झाड नेमकं हद्दीवर, अर्धा बुंधा भाऊजींचा, अर्धा त्यांचा. ताई स्वतः टोपली घेऊन बाजारात बसतात. त्यांच्या पेरूला बडनेऱ्यात तोड नाही. वटवाघळांचंही तेच मत होतं. एका हिवाळ्यात भाऊजी बाजारात गेले आणि लोककल्याणाच्या भरात ताईंच्या टोपलीसमोर उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला शिकवू लागले, की पेरू चहूबाजूंनी फिरवून पाहा, कुठे दात लागलाय का. तासाभरात लोक इतके शहाणे झाले की टोपलीसमोर कुणी उरलं नाही. ताईंनी भरलेली टोपली तशीच डोक्यावर घेऊन घरी आणली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांचं घर त्या बागेवर चालतं, त्यामुळे त्यांचा राग लटका नव्हता. भिंतीशी येऊन त्या म्हणाल्या, “मास्तर, वाघळायले पोसता तुमी, आन् बदनामी माह्या पेरूची करता. कापतो मी हे झाड.”

भाऊजींनी त्यांना आठवण करून दिली की अर्धं झाड आपलं आहे.

“मंग तुमचं अर्धं उभं ठेवा,” ताई म्हणाल्या.

मी मध्ये पडले आणि बोलणी करून असं ठरवलं, की भाऊजी होकार देतील त्या दिवशी झाड पडेल, तोवर त्याला कुणी हात लावायचा नाही. ताईंनी झाडं तोडणाऱ्या एका ठेकेदाराला तसं सांगून ठेवलं. भाऊजी होकार कधीच देणार नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण ताई रोज पहाटे बाजाराला जाताना भिंतीकडे एकदा पाहून जात. फळ्यावर ‘ब्लॉक’ असे. ब्लॉक म्हणजे नकार, एवढं त्यांनी आपलं आपण लावून घेतलं होतं.

मग उन्हाळा आला. आपल्याकडचा एप्रिल तुम्ही कधी पाहिला नाहीत, पाहू नका. दुपारी वटवाघळं स्वतःच्याच पंखाने स्वतःला वारा घालत बसतात. एका संध्याकाळी सगळी गेल्यावर भाऊजी ‘लाईन क्लिअर’ लिहून, खडू आणि पुसायचं फडकं हातात घेऊन वळले, तोच मागे धप्प आवाज झाला. झाडावर मागे राहिलेलं एक पिल्लू खाली पडलं होतं. कोल्ह्यासारखं तोंड, चिंधीसारखे पंख. मी माझ्या पायरीवरून पाहत होते. ज्या माणसाने सगळ्या गावाला ‘डब्याले हात लावू नाई’ म्हणून पिडलं होतं, त्या माणसाने क्षणाचाही विचार न करता, खडूसकट, उघड्या हातांनी ते पिल्लू उचललं. पिल्लाने त्यांच्या बोटाला ओरखडा काढला, तरी त्यांनी ते सोडलं नाही. नणंदेची जुनी परडी बांबूला बांधून, तिच्यात त्याला ठेवून खालच्या फांदीशी धरलं. अकोल्याकडे गेलेली आई थोड्या वेळाने परत आली आणि पिल्लू घेऊन गेली. वहीत नोंद झाली, ‘पार्सल पोचले’. त्यानंतर भाऊजींचं लक्ष बोटाकडे गेलं आणि त्यांना आपले नियम आठवले.

बोट साबणाने इतका वेळ धुतलं की वडी संपली. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सुया सुरू केल्या, ताप आला तर लगेच या म्हणाले, आणि बाकी काळजीचं कारण नाही असंही म्हणाले. हे शेवटचं वाक्य भाऊजींना ऐकू आलं नाही. घरी येऊन त्यांनी स्वतःला मागच्या खोलीत बंद केलं, एकवीस दिवसांसाठी. त्यातले चौदा टीव्हीवरचे होते आणि सात पदरचे. ताट खिडकीतून आत, ताट खिडकीतून बाहेर. सुईच्या दिवशी तोंड बांधून पुढच्या दाराने रिक्षात आणि रिक्षातून सरळ खोलीत. मध्ये कुठे थांबा नाही, बायकोजवळसुद्धा नाही. पिल्लाला लागलेल्या हाताचा खडू, फडकं आणि फळा यांना कुणी शिवायचं नाही, असा वेगळा हुकूम निघाला. नणंद मला म्हणाली, “नोकरीत व्हते तवा ड्युटीवर, आता घरात हायेत त खिडकीत. मह्या नशिबी हा मानूस काहून पुरा येत नाई, वैनी?” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती त्यांच्या कपाळाला हात लावू शकत नव्हती, म्हणून खिडकीशी बसून त्यांना शंभरपर्यंत मोजायला लावायची. आवाज बदलला तर ताप आहे असं कळेल, हा तिचा थर्मामीटर.

या सगळ्यात फळ्यावरचं ‘लाईन क्लिअर’ तसंच राहिलं. पहाटे वटवाघळं परतली तरी लाईन क्लिअर, भर दुपारी झाड लगडलेलं असताना लाईन क्लिअर. चुकीचं वाक्य फळ्यावर तसंच राहिलेलं पाहून मला काय होतं ते तुमच्या बाबांना विचारा. पण हुकूम म्हणजे हुकूम, म्हणून मीही पुसलं नाही. त्या सगळ्या घोटाळ्यात माझा वाटा तेवढा आहे.

सतराव्या दिवशी सकाळी करवतीच्या मशीनच्या आवाजाने मी बाहेर आले. ठेकेदाराची तीन माणसं झाडाशी होती आणि एक फांदी आधीच खाली आली होती. वटवाघळं एकदम उठली. दिवसाढवळ्या, पिल्लं पोटाशी धरून, आभाळ काळं करत. खाली धडाधड खिडक्या लागल्या. काही शाळेच्या कडुनिंबावर गेली, काही लोकांच्या गच्चीत, आणि एक नणंदेच्या न्हाणीघरात. पेरूवाल्या ताई कमरेवर हात ठेवून शांत उभ्या होत्या. मी विचारलं, हे काय चाललंय. त्यांनी फळ्याकडे बोट दाखवलं.

“बाई, रोज सकाळी ‘ब्लॉक’ राहाते. पंधरा-सोळा दिवसापासून सकाळीबी ‘क्लिअर’. म्या वाट पाह्यली, म्हटलं पुसतीन मास्तर. नाई पुसलं. मानला मानूस, म्हटलं.”

या तर्कात मला आजही चूक काढता येत नाही.

तेवढ्यात मागच्या खोलीचं दार उघडलं. भाऊजींचा एक पाय उंबऱ्याबाहेर आला आणि तिथेच थांबला. बाहेर गल्लीतली सात-आठ माणसं जमली होती. मी त्यांचं तोंड पाहिलं. आत राहिले तर झाड जात होतं, बाहेर आले तर ज्या एका शब्दावर गावाला धाक घातला तो शब्द जात होता. नणंद म्हणाली, या ना बाहेर, काही होत नाही. पाय हळूहळू आत गेला. दार लागलं. मग ते खिडकीशी आले.

“वैनी, मी ब्लॉकमंदी हावो. तुमी जा.” आणि गजांमधून काठीला गुंडाळलेलं लाल निशाण बाहेर आलं. “साबनानं धुतलं हाये.”

तर मुलांनो, तीस वर्षं इंग्रजी व्याकरण शिकवलेली तुमची आजी एका हातात छत्री आणि एका हातात लाल निशाण घेऊन अर्जुनाच्या झाडाला पाठ लावून उभी राहिली. मशीन थांबलं. माझ्या दराऱ्याने थांबलं असं मी समजते, पण ती माणसं हसत होती हेही खरं. खिडकीतून अधिकृत चौकशी सुरू झाली, की लाईन क्लिअर कुणी दिली, प्रायव्हेट नंबर सांगा. मशीनवाल्याने खिशातून मोबाइल काढला आणि कुणाचा नंबर पाहिजे असं विचारलं. भाऊजी म्हणाले, दोन आकडी नंबर पाहिजे. त्याने बिचाऱ्याने मोबाइलकडे आणि खिडकीकडे आळीपाळीने पाहिलं. “काका, दोन आकडी कोनती कंपनी हाये?”

सगळे हसले, ताई हसल्या नाहीत. त्या स्वतःच्या बागेकडे पाहत होत्या. झाडावरून उठलेल्या वटवाघळांपैकी पुष्कळशी त्यांच्याच पेरूच्या झाडांवर जाऊन लटकली होती. भाऊजींनी बाजारात जे तासभर सांगितलं होतं ते आता समोर लोंबत होतं, पण ताईंना त्यात फक्त आणखी नुकसान दिसत होतं, आणि ते बरोबरच होतं. त्या खिडकीपाशी गेल्या.

“पेरू इकला गेला नाई त मी खाऊ काय, मास्तर? तुमचं टाइमटेबल?”

मग आतून आवाज आला, “बाजारात चुकलं माह्यं.” इतक्या हळू, की ताईंनी पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. ताईंनी मशीनवाल्याला हात केला आणि तो सामान आवरून निघून गेला.

संध्याकाळी बरीचशी वटवाघळं परत आली, सगळी नाही. वहीत त्या दिवसाच्या पानावर फक्त ‘रुळावरून घसरले’ एवढं लिहिलं आहे. बाविसाव्या दिवशी भाऊजी खोलीतून बाहेर आले, फळा सोड्याने धुतला, आणि पुढच्या बहरात स्टुलावर चढून ताईंच्या बागेवर जाळ्या बांधल्या, पेरूवर कागदी पिशव्या चढवल्या. हिवाळ्यात ते बाजारात ताईंच्या टोपलीशेजारी खुर्ची टाकून बसले. प्रत्येक पेरू चष्म्यासमोर धरून चारी बाजूंनी तपासायचा आणि ‘पास’ म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. लोक आधी तमाशा म्हणून आले, मग पेरूसाठी. अर्ध्या तासात टोपली रिकामी होऊ लागली. ताई अजून त्यांच्याशी सरळ बोलत नाहीत, पण सर्वांत चांगला पेरू पिशवीसकट भिंतीवर ठेवून जातात. ते तो तपासल्याशिवाय खात नाहीत.

आता त्यांना काचबिंदू झाला आहे. दिवसा अंदाजाने चालतात, उजेड उतरला की काहीच दिसत नाही. तरी संध्याकाळी छत्री उघडून बसतात, आणि वटवाघळं पाहायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी त्यांच्यापासून दहा पावलांवर माझ्या पायरीवर बसते, पण बातमी फोनवरच द्यावी लागते, कारण नियम तसा आहे. अप गेली, डाउन गेली, शटल गेली, एक एकटं राहिलंय. मग ते विचारतात, “नंबर?” मी कागदावरचा पुढचा नंबर सांगते आणि खोडते. डोळे जायच्या आधी त्यांनी पट्टीने रेघा मारून, जाड शाईने केलेला तो शेवटचा कागद. संपला की मी नवा करते म्हटलं, माझं अक्षर चांगलं आहे, पट्टी आहे. तर म्हणाले, नंबर मास्तरच्याच हातचा लागतो. नणंदेने मला खुणेने गप्प केलं.

कागदावर थोडेच नंबर उरले आहेत आणि तुम्ही यायला अजून बरेच महिने आहेत. मी आयुष्यात कधी हजेरीपटावर खाडाखोड केली नाही, हे तुम्हाला माहीत आहे. काल मी परवाच खोडलेला नंबर पुन्हा सांगितला, सत्तेचाळीस. त्यांना सगळे नंबर पाठ असतात. दहा पावलांवर खुर्ची करकरली, छत्री मिटल्याचा आवाज आला.

“बराबर हाये, वैनी,” ते म्हणाले. “लाईन क्लिअर.”